हृदयाहून उंच

चाळीस वर्षं मी टपाल वाटलं
स्टोनहेवनच्या चढांवर, गारांत, खारट वाऱ्यात,
भुंकणाऱ्या फाटकांपाशी.
तुझ्या पायाला भिंगरी आहे, म्हणायचा मर्डो.
पाय कधी कुरकुरले नाहीत.
एकदा डाव्या करंगळीचं नख गेलं तेवढं,
तेही मुकाट्यानं परत आलं.

आता सुखात सुजलेत.

बोटीवरचा पाचवा दिवस, काहीच न करण्याचा.
सकाळी मोजे उतरवले तर
पोटरीवर रुतलेलं लाल कडं,
आणि त्याखाली हे कुणाचे पाय?
फुगून आलेली कणीक, वर पाच पाच बोटं चिकटवलेली.
दाबून पाहिलं, तर खळगा.
बोट काढलं तरी खळगा तसाच,
मग आठवल्यासारखा
सावकाश भरत आला.
घोटा शोधला. नव्हता.

खालच्या मजल्यावरची डॉक्टर, स्प्लिटची,
दोन्ही पोटऱ्या चाचपून म्हणाली,
एकच सुजला असता तर मला काळजी होती.
दोन्ही, म्हणजे सूप.
सूप, हॅम, उन्हातली खुर्ची, आणि तुमचं वय.
पाणी भरपूर प्या. थोडं थोडं चाला.
आणि पाय हृदयाहून उंच ठेवा,
वीस मिनिटं, दिवसातून तीनदा.

हृदयाहून उंच!
आयुष्यभर ते सगळ्यात खाली होते बिचारे.

बोट फ्योर्डमध्ये थांबली.
सगळे रेनकोट घालून धबधबा बघायला उतरले,
मी पलंगावर आडवी, पाय भिंतीला टेकवून,
सारखे घसरत होते.
रोडेल टॉवेल घेऊन आला, पाहिलं, थांबला.
मिसेस गेडिस, त्या पलंगावरच्या उश्या घेऊ?

त्या पलंगावरच्या.
जानेवारीत दोघांचं बुकिंग केलं होतं,
मार्चनंतर पैसे परत मिळेनात.
मी कुणाला काही बोलले नव्हते.
रोज तो पलंग झटकला जायचा, न झोपलेला,
रोज रात्री दोन उश्यांवर दोन चॉकलेटं,
एक मी खायची, दुसरं ड्रॉवरमध्ये.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथं अंथरुणं दोन होती
आणि माणूस

घे, म्हटलं.

त्यानं नीट रचल्या, एकीवर एक,
टाचांखाली घडी केलेला टॉवेल.
मर्डो असता तर म्हणाला असता,
सांभाळून रे, टपालखात्याची मालमत्ता आहे ती.

आणि तुझे पाय, मी विचारलं.
तो हसला, पँट वीतभर वर केली,
आत गुडघ्यापर्यंत घट्ट तपकिरी मोजा.
अकरा तास उभं, मॅडम.
रात्री मी आणि माझा केबिनवाला
भिंतीला पाय लावून पडतो,
पलीकडे समुद्र ढकलत असतो,
आणि छताकडे बघत इलोइलोच्या गप्पा,
कुणाच्या पोरीला दात आला,
कुणाच्या छपराचा पत्रा उडाला.
किती वेळ? वीस मिनिटं.
मग झोप लागते.

तो गेल्यावर मी पडून राहिले.
दोन अंगठ्यांच्या मधोमध
खिडकीत बरोब्बर मावत होता धबधबा,
पांढरा, बारीक, आवाज नसलेला.
उतरलेल्यांना एवढा दिसला असेल का, माहीत नाही.
त्यांना रांग होती.

संध्याकाळी सुटाबुटाचं जेवण.
काळे बूट टाचेपाशीच अडले.
गेले बाथरूममधल्या पांढऱ्या सपाता घालून,
मोत्यांची माळ, निळा झगा, सपाता,
चट् चट् चट् अख्ख्या जिन्यावरून.
टेबलावरच्या मिस्टर पिरीनं खाली पाहिलं,
मग फार वेळ मेनू वाचला.
सूप नको, म्हटलं.

रात्री परतले, दिवा लावला.
त्या पलंगावर उश्या नव्हत्या, नुसती ताणलेली चादर.
माझ्या उशीवर मात्र
दोन्ही चॉकलेटं, शेजारी शेजारी.

खाल्ली. दोन्ही.
मीठ काही नव्हतं त्यांत.