पोक्काचे पाय

पोक्काला राईच्या पावाच्या कडा आवडत नाहीत,
वेन्ला सांगते. काढून दे.
मी काढते.
तिसऱ्या बशीतला तुकडा संध्याकाळपर्यंत कडक होतो,
मग सिंकपाशी उभ्याउभ्या मीच खाते.

यालमारी गेला मार्चमध्ये,
बर्फ पातळ झालाय हे माहीत असूनही.
गिरमिट सापडली काठाशी, थर्मास सापडला,
झाकण घट्ट,
आत कॉफी अजून कोमट.
पोक्का एप्रिलमध्ये आला.

किती वर्षांचा आहे?
तो मोजत नाही.
दिसतो कसा?
आई, तो दिसायला नाही आलेला.

सौनात आम्ही एकाची जागा सोडून बसतो.
दगडांवर पाणी टाकताना ती म्हणते, हळू,
त्याला चटका बसेल.

आता नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
सायमा तळ्याच्या कडेला पहिली साय धरलीय.
आणि सकाळी जमिनीवर ओली पावलं,
दारापासून, गोधडीच्या चिंध्यांच्या पट्टीवरून,
थेट झोपायच्या खोलीपर्यंत.
एकात बर्च झाडाचं पान चिकटलेलं.

मी ओरडले. सांग तुझ्या पोक्काला,
रात्री तळ्यावर जायचं नाही म्हणावं!
वेन्लाने माझ्याकडे पाहिलं,
थोरल्याने धाकट्याकडे पाहावं तसं.
तो नाही जात, म्हणाली. तो फक्त मला उठवतो.

पाऊल सुकायच्या आत
मी त्यावर पाय ठेवून पाहिला.
अंगठ्याशेजारचं बोट लांब.
टाचेला भेग.
बसला.

तू दार उघडलंस की तो मला हलवतो, ती सांगत होती,
चमच्याने दुधावरची साय बाजूला करत.
मी बूट न घालताच येते, बूट आवाज करतात.
धक्क्याच्या टोकाला तुझ्या झग्याचा पट्टा धरते.
तू मला बाबांच्या नावाने हाक मारतेस.
मग मी हो म्हणते.
मग आपण घरी येतो.

किती वेळा?
तो मोजत नाही, म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळाने:
मी मोजते.

त्या रात्री दाराला कुलूप लावलं.
किल्ली हातात घेऊन घरभर फिरले.
माझ्यापासून लपवायची ती जागा
मलाच कशी सुचणार?
शेवटी तिसऱ्या बशीत ठेवली,
कडा काढलेल्या तुकड्याशेजारी.

सकाळी जमीन कोरडी होती.
बशी रिकामी.
वेन्ला पावाच्या कडा चघळत खिडकीबाहेरचा तापमापक वाचत होती,
उणे चार, उणे चार, कुणाला तरी सांगत.
मी काही विचारलं नाही.