तीस झाले की

सुचौमधल्या या सात नंबरच्या इमारतीत
मला कुणी नावाने हाक मारत नाही.
मी चारशे दोन.
माझ्या खाली तीनशे दोन,
आजोबांना दात नाहीत, पण गोडाचं नाव काढलं की जागे.
समोर चारशे एक, दर रविवारी बासरी,
तीही अर्धीच.

ही बारशी शेनबाईंनी केली.
शेन युएजन, रेशीम गिरणीत सव्वीस वर्षं,
तुटलेला धागा डोळे मिटून सापडायचा त्यांना.
आता फोनवर माणसं जोडतात.

चैत्राच्या सुमारास त्यांचा निरोप येतो :
हिरवे गोळे, कोवळ्या गवताच्या रसात मळलेले,
आत लाल चवळीचं सारण. पेटीत सहा.
एकट्याने घ्याल तर बेचाळीस युआन,
तीस जण झाले की अठ्ठावीस.

मग रात्रभर आकडा चढतो.
सतरा. एकोणीस. बावीसवर येऊन बसतो
हट्टी म्हशीसारखा.
शेनबाई विचारतात, पाचवा मजला झोपला का?
पाचवा मजला खडबडून दोन पेट्या घेतो.
पावणेबाराला एकोणतीस.

मला चवळीचं सारण आवडत नाही.
तरी बटण दाबलं.
चौदा युआन वाचवायला अठ्ठावीस घालवले,
हा हिशेब आईला सांगितला असता
तर तिने फोन ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली, सायकलींच्या मध्ये,
फळीवर तीस पेट्या.
सपाता ओढत सगळी इमारत उतरली.
तीनशे दोनने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं :
तूच का ती तिसावी?
तीन वर्षं राहतेय मी इथे.
हे पहिलं वाक्य.

पण पुलाच्या तोंडाशी यान बाओशिंगचं दुकान आहे,
हेच गोळे तो हाताने वळतो.
कारखान्याची गाडी त्याच्या दारावरून आत आली,
त्याने पाहिलं आणि चाळण फडक्याने झाकली.
त्या आठवड्यात शेनबाई भाजीला
लांबच्या पुलावरून जात होत्या.

शेवटी एका संध्याकाळी गेल्याच आत.
"तीस गिऱ्हाइकं आणते. भाव बोल."
"तिसांचा? पंचेचाळीस."
"अरे, माणसं वाढली की भाव उतरतो!"
"यंत्राचा. माझ्या मनगटाचं उलटं आहे.
दहा पेट्या हसत करतो.
वीसला मलम लागतं.
तीस झाल्या की बायकोला उठवावं लागतं,
आणि तिचा भाव मी ठरवत नाही."

शेनबाईंनी घरी येऊन
हे जसंच्या तसं सगळ्यांना कळवलं :
पहिल्या दहांना छत्तीस, विसापर्यंत चाळीस,
पुढे पंचेचाळीस. तिसाला दार बंद.

चार मिनिटांत भरलं.
पहिले तीनशे दोन, अर्थात.
दुसरी बासरी.
पाचव्या मजल्याने म्हणे एकमेकांना ढकललं.
मी अंघोळीला होते.
केस टिपत फोन उचलला तर तीस.

बाई, एक जास्तीची होईल का?
त्या खाली उतरल्या, पुलापर्यंत गेल्या, परत आल्या,
जिना चढताना धापा टाकत म्हणाल्या,
"पन्नास म्हणतोय.
आणि म्हणतोय, त्या पोरीला सांग,
पहाटे पाचला येऊन स्वतः वळ."

गेले.
वाफेत काही दिसत नव्हतं, फक्त त्याच्या बायकोचे हात
आणि मध्येच, "एवढं सारण नको भरू, पोट फुटेल त्याचं."
सहा वळले. दोन फुटले.
नखांतला हिरवा रंग सोमवारपर्यंत गेला नाही,
ऑफिसात कुणीतरी विचारलं, रंगकाम काढलंस का घरी?

चवळीचं सारण अजूनही आवडत नाही मला.
यानने फुटलेल्या दोघांचेही पैसे लावले.