ना हरकत

करीमनगरहून माझ्यासोबत आलेली गाडी
अजून टीएस झिरो टू.
आहेरातली नव्हे, माझ्या पगारातली.

विजापूर रोडवर एजंट इरेशा
बोनेट उघडतो, चासी नंबरावर
पातळ कागद धरून पेन्सिल घासत राहतो.
एकेक आकडा राखाडी उगवतो.
"सात पुसट आलाय मॅडम, साहेब परत पाठवणार."

तिकडचा कर भरलेला, इकडचा पुन्हा.
एनओसीची मुदत शनिवारी संपते.

आजेसासरेही तिकडूनच आले म्हणे,
पिशवीत एक धोटा घालून.
त्यांना कुणी विचारलं नसेल
किती किलोमीटर चाललेले आहात.

इरेशा टायरला हलकी लाथ मारून बघतो.
"तवर एक चादर टाका की मागच्या सीटवर,
सोलापूरचीच वाटंल."