काल चालत नाही

गॉर्टच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
हीटर नुसता टकटकतो, तापत नाही.
डेर्व्हला फळ्यावर आडवी रेघ ओढते,
टोकाला बाण: आत्ता.
"हॅव म्हटलंत," ती सांगते, "की काल चालत नाही.
परवा नाही, गेल्या वर्षी नाही.
ऑलरेडी चालेल. जस्ट चालेल.
येट चालेल, पण सगळ्यांच्या मागून, रांगेतल्या शेवटच्यासारखं."

जोसिमारच्या वहीत लाल फुली:
*मी काल आईला पाहिलं आहे.*

तो उभा राहतो. बोटांना मांस-कारखान्याचा साबण.
"मिस, मी रात्रपाळीला. साडेबाराच्या सुट्टीत फोन लावला.
इकडे मंगळवार लागून अर्धा तास झालेला,
तिकडे सोमवारचे साडेनऊ,
आई भात गरम करत होती.
मग सांगा, काल की आज?
आणि सकाळी सुटल्यावर मी झोपलोच नाही.
न झोपलेल्याचा काल
संपतो कधी?"

डेर्व्हला खडू हातात घोळवते.
पुस्तकात याचं उत्तर नाही, मागच्या पानांवरही नाही.
मग वाकून ती त्याच्या वहीतला काल खोडते,
वर बारीक अक्षरात लिहिते: आज.
वाक्य बरोबर होतं.
आई एक दिवस जवळ येते.

पलीकडे रीमला प्रश्न आला आहे:
तू कधी कालवं खाल्ली आहेस का?
"नेव्हर," ती म्हणते. जरा थांबते. "येट."
दोन्ही एकत्र नकोत, हे डेर्व्हलाला ठाऊक आहे.
ती खिडकीबाहेर बघते.

मी शेवटच्या बाकावर.
माझ्या भाषेत एकच शब्द दोन्ही कामं करतो:
कधीच गेला,
कधीच आला नाही.
हे मी कोणाला सांगत नाही,
फुली मिळेल.

नऊला फिंटन दारात, किल्ल्यांचा जुडगा घेऊन:
"आयॅम आफ्टर लॉकिंग द बॅक डोअर."
वर्ग गप्प.
मी मागचं दार लावण्याच्या नंतर आहे?
डेर्व्हला हसू लागते, कानापर्यंत लाल:
"हे आमचं. हे परीक्षेत लिहायचं नाही."

सगळे कोट चढवतात.
जोसिमार अजून बसलेला,
पेन्सिलीने, हळू, जीभ दाताखाली धरून लिहितो:
मी आईला
पाहिल्याच्या नंतर आहे.