सपोर्ट संपल्यावर

एका मंगळवारी पडद्यावर पाटी आली:
या यंत्राचा सपोर्ट आता संपला आहे.
मी ओके दाबलं,
आणि बागडेंच्या तेरवीची पत्रिका अर्धी होती
ती पुरी केली.

गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
एक मी, एक झेरॉक्स, एक कूलर,
आणि दोन हजार आठ सालचा हा डबा.
पांढरा होता तेव्हा. आता सायीसारखा पिवळा.
चालू व्हायला चार मिनिटं घेतो.
तेवढ्यात मी शटरपुढचं झाडते,
चहाला हाक मारते,
देवापुढची उदबत्ती त्यालाही ओवाळते.

मे महिन्यात त्याची एक बाजू उघडीच.
कूलरचं तोंड माझ्याकडे, टेबलफॅन त्याच्याकडे;
त्याला ओलावा सोसत नाही, मला झळा.
शेहेचाळीसच्या वर पारा गेला
की तो न सांगता बंद पडतो.
मीपण पडते. दोन ते चार शटर अर्धं.

भाचा प्रज्योत दिवाळीत पुण्याहून आला.
"काऊन याचा जीव काढून राहिली, मावशी?
नवीन घे ना हप्त्यावर.
आता नुसतं सांगायचं, ते स्वतःच लिहिते."
म्हटलं, सांगून पाहा बरं.
पराते आणि नंदनवार, मंडप जागनाथ बुधवारीत,
वर गणपती, खाली आहेर आणू नये,
आणि मामाचं नाव ठळक.
त्यानं फोनला सांगितलं.
फोननं फार सुंदर लिहिलं,
मामाला विसरला.

मग प्रज्योतनंच बाही सारली.
रंगाच्या ब्रशनं पंख्यातली धूळ काढली,
बंद पडलेल्या विणकर पतसंस्थेच्या भंगारातून
रॅमच्या दोन पट्ट्या आणून बसवल्या.
म्हणाला, "आता पळते पाहा."
पळत नाही. पण धापही लागत नाही.
जुना फॉन्ट याच्यातच उघडतो;
दुसरीकडे चि. सौ. कां.च्या जागी
चौकोनामागे चौकोन.

आजोबा खड्डामागावर बसायचे.
धोटा झिजला, धोटा बदलला,
फणी बदलली, दोऱ्या बदलल्या,
माग तोच.
बापानं पॉवरलूम आणला नवा कोरा,
सहा वर्षांनी किलोनं विकला.
यावरून मला काही सिद्ध करायचं नाही.
आजोबांचे गुडघे गेले होते, तेही खरं.

परवा टिमकीहून हेडाऊबाई आल्या.
"आमच्या ह्यांचा फोटो तुमच्याकडं काढला होता,
रेशनकार्डाच्या वक्ताले.
साल आठवत नाही. तीन फोन झाले तेव्हापासून,
एकातही नाही राहिला माणूस."

डी ड्राइव्ह उघडला.
पासपोर्ट. पासपोर्ट नवीन.
पासपोर्ट नवीन खरंच नवीन.
डबा कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला.
बाई उभ्याच. स्टूल सरकवलं तरी उभ्याच.
फोटो वरून खाली उतरत आला,
गवंड्यानं थर लावावा तसा:
आधी केस, तेल चोपडलेले,
मग कपाळ,
मग बराच वेळ नुसतं कपाळ,
मग भुवया, आणि एकदम डोळे.
शर्टाचं वरचं बटण लावलेलं.
ते मीच लावायला सांगितलं असणार,
सगळ्यांना सांगते.

त्यांनी काचेला बोट लावलं.
म्हणाल्या, "बटण नाही लावत होते कधी."

आठ प्रतींचे चाळीस होतात.
पंचवीस घेतले, कारण तेवढेच त्यांच्या मुठीत होते
आणि मोजून ठेवलेले होते.

रात्री प्रज्योतला फोन केला:
आतलं सगळं बाहेर कसं ठेवायचं रे?
"नवी डिस्क लागन, मावशी. मुठीएवढी."
पाठव म्हटलं. बिलासकट पाठव.

काचेवर बोटाचा ठसा आहे.
फडकं हातात होतं, तरी पुसायचा राहिला.
बंद करायची खूण दाबली
आणि शटरचा हूक हातात धरून उभी राहिले.
बंद व्हायलाही त्याला
वेळ लागतो.