खाच

उद्यमबागेत पहिली पाळी सुटली की
अंगाला कूलंटचा वास तसाच घेऊन
मी मच्छेच्या शिवाराकडं वळतो.
सुगी संपल्या. भात कापून नेलंय,
धसं तेवढी उरल्यात
आणि बांधालगतच्या तांबड्या पट्ट्यात
माझा ट्रक.
एकास दहाचा. बॅटरीसकट अडीच किलो.
बायको त्याला खेळणंच म्हणते.

घेताना इराण्णानं विचारलेलं,
"पळवायचाय की दगडावर चढवायचाय?"
मी म्हटलं, दोन्ही.
"मग दोन घे. नाहीतर एक घे
आणि जन्मभर दुसऱ्याची आठवण काढ."
खोक्यावरचा वेग वाचू नको म्हणाला,
तो वेग खोक्याचा असतोय.
बघायचं एवढंच, की आर्म मोडला तर इथं मिळतोय काय,
का पार्सलची वाट बघत
महिनाभर तीन चाकांवर उभा राहतोय.

मी ऐकलं. म्हणजे निम्मं ऐकलं.
ब्रशची मोटर होती, बरी होती,
दिवाळीचा बोनस आला आणि ब्रशलेस बसवली.
पहिल्याच दाबाला ट्रकनं
घोड्यासारखे पुढचे पाय उचलले,
मी एकटाच शिवारात ओरडलो.
संध्याकाळी डिफ उघडला,
दात तळहातावर ओतले,
साबुदाणा.

मग गिअर पोलादी.
मग बांधाला धडकून पुढचा आर्म गेला,
आणि माझ्या हाताखाली तर अख्खं मिलिंग मशीन.
सुपरवायझर डबा खायला गेला तेव्हा
भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून
दोन आर्म काढले,
कडा मारल्या, बफ केलं,
लग्नातल्या तांब्यासारखे चमकायला लागले.

तोच बांध. तोच वेग.
आर्मला ओरखडासुद्धा नाही.
बल्कहेड फुटलं.
बल्कहेड केलं.
मग चॅसिसच मधोमध चिरली,
पिकल्या फणसागत,
आणि आत वायरी दिसायला लागल्या.

इराण्णा उकिडवा बसून बघत राहिला.
"साकु," म्हणाला.
त्यानं विडी पेटवली नाही, नुसती कानावरून काढली
आणि तिच्या टोकानं स्टिअरिंगचा कोपरा दाखवला:
सर्वो सेव्हर.
एक स्प्रिंग, एवढीशी.
चाकाला दणका बसला की ही स्वतः वळते,
सर्वोपर्यंत काही जाऊ देत नाही.
"ही बी घट्ट करून टाकणार होतास न्हवं?"

होतो.
स्प्रिंगखाली घालायचा वायसर तयार होता, खिशातच होता.

मी काही बोललो नाही.
कारण रोज सकाळी मशीनवर
मी शिअर पिनाच तर काढतो,
पन्नास-पन्नासच्या लॉटनं,
प्रत्येकीच्या कमरेत मुद्दाम खाच पाडून.
खाच उथळ झाली की क्यूसी लॉट परत पाठवतं:
ही पिन तुटणार नाही, रिजेक्ट.
एकवीस वर्षं.
एकवीस वर्षं मी तुटायची जागा
मायक्रोमीटरनं मोजून देतोय
दुसऱ्यांच्या मशिनींना.

आता परत प्लास्टिकचे आर्म लावलेत.
पिनियनचे दोन दात कमी केलेत,
मोटर हात लावण्याइतपत गरम राहते.
चमकणारी जोडी घरी टीव्हीशेजारी,
बायको आठवड्यातून एकदा पुसते
आणि पाहुण्यांना सांगते, ह्यांनी केलंय.
कशाचं आहे ते सांगत नाही.

काल शाळेतून येताना एक पोरगं
सायकल आडवी टाकून थांबलं.
"एष्ट ओडतैति अण्णा?"
किती पळतोय.
त्याच्या डोळ्यांत आकडा हवा होता, मोठा.
मी वरच्या खिशातून
जादाचा काळा आर्म काढला
आणि त्याच्या हातावर ठेवला.
त्यानं तो वाकवून बघितला.
"मोडला तर मिळतोय," म्हटलं,
"इथंच मिळतोय."
आणि रिमोट त्याच्याकडं दिला,
बांध समोरच होता.