खुंट

सेंट लुईसहून रेल्वे नदीला धरून निघते.
नदी चहाच्या चोथ्याच्या रंगाची.
दीड तास कुणी फारसं बोलत नाही.
निहारच्या कानात बोंडं.
दादांच्या मांडीवर डबा, डब्यात दशम्या,
"तितं काय मिळंल न मिळंल."
तिकडे सावळजला ऑक्टोबर छाटणी चालू आहे,
बाग संपतवर सोपवून आलेत,
आणि मनातून अजून एकेक काडी मोजतायत.

हरमन, मिसूरी.
स्टेशन म्हणजे बाक, फलक,
आणि लगेच विटांची घरं, फुटपाथला खेटून,
बाग मागच्या दाराशी.
"आपल्यागतच हाय," दादा म्हणतात.
आपल्यागत काहीच नाही.
मी नुसती मान हलवते.

लोरीन ब्रॉकमायर, वय एक्याऐंशी, एक गुडघा नवा,
तळघराचं दार खांद्याने ढकलते.
सांगते, फिलाडेल्फियात बसून आखलं होतं हे गाव,
सगळे काटकोन, सगळ्या रेघा सपाट.
माणसं बोटीतून उतरली तेव्हा
प्लॉट निघाले टेकडीला टांगलेले.
गहू कुठे पेरणार त्यावर?
मग गावानेच उधारीवर दिले उताराचे तुकडे:
वेल लावा, पाच वर्षांनी पैसे द्या.
मी मराठीत सांगते.
"बिनव्याजी?"
मी विचारते. बिनव्याजी.
दादा हसतात, एकटेच,
दगडी कमानीखाली ते हसू
एक फेरी मारून परत येतं.

मग दारूबंदी आली. वेली उपटल्या.
ह्याच अंधारात पिंपांच्या जागी
कित्येक वर्षं अळंबी वाढवली, लोरीन म्हणते,
आणि त्याआधीच्या लढाईत जर्मन बोलणंही बंद झालं,
आजोबा गप्प झाले ते झालेच.
तिच्याकडे उरलीय जेवणाआधीची एक प्रार्थना.
ती म्हणून दाखवते.
अर्थ? खांदे उडवते.
"सूप गार व्हायच्या आत संपते, एवढं ठाऊक."

ग्लास समोर येतो. नॉर्टन, जवळजवळ काळी.
अठ्ठेचाळीस वर्षं द्राक्ष पिकवलं ह्या माणसाने,
वाइनचा थेंब घेतला नाही.
उजेडाला धरतात, हुंगतात,
ग्लास माझ्याकडे सरकवतात
आणि बाहेर जाऊन वेलीपाशी उकिडवे बसतात.
पान उलटं करतात. अंगठ्याने घासतात.
"भुरी धरत नसंल ह्याला."
लोरीनच्या भुवया वर. कसं कळलं?
"जंगली रक्त हाय. हितलंच.
आमच्या रानातबी मुळी तुमचीच की,
डॉगरिज, टेक्सासकडचा खुंट.
खारं पाणी सोसतो. वर आमचं थॉम्सन, खाली ह्यो."

मी वाक्य सुरू करते आणि अडकते.
बावीस वर्षं ह्या देशात,
कर्जाचे कागद, प्रसूती, घटस्फोट, सगळं इंग्रजीत निभावलं,
आणि खुंटाला शब्द नाही.
मी हातवारे करते. खाली. वर. चीर.
लोरीन सौजन्याने माझ्या हातांकडे बघते.

निहार एका कानातलं बोंड काढतो.
"रूटस्टॉक," म्हणतो.
आणि परत घालतो.

हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता.
रविवारी फोनवर दादा शेडमधून
बोलत बसायचे, मोबाईल पत्र्याला टेकवून,
अर्धी स्क्रीन काळी, अर्धी बेदाण्याची जाळी.
मला वाटायचं, हा गेम खेळतोय.

परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.
लोरीन आम्हाला सोडायला आलीय, दशमी खातेय,
गूळ ओळखू येत नाही, तरी दुसरी घेते.
रुळांच्या कुंपणावर कुठलीशी रानवेल चढलीय,
दादा खिशातून कात्री काढत नाहीत
कारण विमानतळावर ती काढून घेतली होती.
नखानेच दाखवतात,
"डोळा हितं. हितनं वर दोन बोटं ठिवायचं."

निहार वाकून बघतो.
"दोन कुणाची? तुमची की माझी?"